सहावीत न गेलेला जादूगार

दर्शना राणे लेखिका झाली ती पोराला जेवू घालता घालता. स्वप्नील भाताला तोंड लावेना, म्हणून लालबागच्या दोन खोल्यांत तिनं मंग्या नावाचा जादूगार जन्माला घातला. मंग्याची शाळा बंद गिरणीच्या चिमणीत भरायची आणि गुरुजी उलटे लटकून पाढे म्हणायचे. विमा कचेरीतली साधी कारकून बाई, पण गोष्ट रंगवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिरगावातल्या तात्या प्रकाशकांनी पुस्तक छापलं आणि पोरांनी ते डोक्यावर घेतलं.

मंग्या पाचवीत होता, कारण स्वप्नील पाचवीत होता. परीक्षा आटोपली, सहावीत फुल पँट मिळणार म्हणून पोरगा घरभर उड्या मारत होता, आणि एप्रिलातच मेंदूज्वरानं बघता बघता गेला. देवाला म्हातारी माणसं दिसत नाहीत, हे काही खोटं नाही.

दोन वर्षांनी तात्या घरी आले. ताकाला जाऊन भांडं लपवणारा हा माणूस नव्हे.

"दर्शना, पोरं विचारतात गं, मंग्याचं पुढे काय झालं? दुसरा भाग देशील?"

तात्यांची पाठ वळताच तिचा नवरा राजेश भडकला. "पोर गेलं माझं, आणि यांना भाग दुसरा पाहिजे!"

दर्शनानं मात्र लिहायला घेतलं. पोराशी बोलायला तिला दुसरी जागाच उरली नव्हती.

लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं ते नूपुरनं, स्वप्नीलच्या धाकट्या बहिणीनं. तिचा पाचवीचा निकाल आदल्याच दिवशी लागला होता.

"आई, मंग्या नापास कसा गं? तो तर सगळ्या मंत्रांत पहिला येतो ना?"

"असू दे. पाचवीच बरी त्याला."

"पण त्याचे मित्र वर गेले. तो एकटाच बसलाय वर्गात."

"एकटा कुठे? मी आहे ना."

नूपुरनं कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले.

"मग मीपण नापास व्हायला हवं होतं का?"

दर्शनाला आठवलं. काल पोरगी निकाल घेऊन धावत आली, तेव्हा आपण लिहिताना मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. 'नाही गं' म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण स्वप्नील जिथं पोचला नाही त्या सहावीत ही जाते, हेच आपल्याला बघवत नव्हतं, हे कळून ती मनातून हादरली. नूपुर मात्र उत्तराची वाट बघत तिथंच उभी होती.