वेंडेलचं राहिलेलं एम.ए.

वेंडेल प्रोकोप आमच्या नेब्रास्कातल्या गावच्या शाळेत इतिहास शिकवायचा, आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार राखीव सैन्यदलात ट्रक चालवायचा. मी तिथेच गणित शिकवते. आमच्या वर्गांमध्ये एकच भिंत होती.

चाळिशी ओलांडल्यावर त्यानं एम.ए. करायचं मनावर घेतलं. दलात आणखी सहा वर्षं राहायचं लिहून दिलं; त्या बदल्यात शिक्षणाचा खर्च सरकार उचलणार होतं. त्याची बायको जोलीन आम्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "केस पिकले, आणि आता दप्तर घेऊन निघालाय."

"तुला प्राध्यापकाची बायको व्हायचं नाही का?"

"आधी न्हाणीघराचा नळ दुरुस्त कर, प्राध्यापका."

पण सही करायच्या दिवशी तीच त्याला गाडीतून घेऊन गेली.

दोन सत्रं नीट पार पडली. रेल्वे बंद झाल्यावर ओस पडलेली गावं, हा त्याचा विषय. जेवतानाही जुनी वर्तमानपत्रं चाळत बसायचा. प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहून झालं आणि तिसऱ्या सत्राच्या मध्यावर दलाचा हुकूम आला. नऊ महिने कुवेत. विद्यापीठानं त्याची जागा राखून ठेवली.

सातव्या महिन्यात धुळीच्या वादळात त्याचा ट्रक उलटला. शेजारी बसलेली बावीस वर्षांची सैनिक मुलगी जागीच गेली. वेंडेलच्या डोक्याला मार बसला.

घरी आला तेव्हा चालत होता, बोलत होता, सगळ्यांना ओळखत होता. नशीबवान, असं लोक म्हणाले. शिक्षणाची सवलत शाबूत होती, म्हणून त्यानं पुन्हा नाव घातलं. पण वाचलेलं पान उलटलं की मागचं पुसून जायचं. मग शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवू लागले. तो टिपणं काढायचा, दुसऱ्या दिवशी तीच टिपणं पुन्हा काढायचा. जोलीन स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही.

मार्चमध्ये मी त्याला त्याचंच पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. तो मन लावून ऐकत होता.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "कुणाचं आहे, रोझलिन?"

"तुझंच आहे रे."

त्यानं कागद हातात घेतले, समासातलं स्वतःचं अक्षर बराच वेळ पाहिलं.

"उद्यापासून नको येऊस," तो शांतपणे म्हणाला.

त्याच आठवड्यात जोलीननं नाव काढून घेण्याचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हे तिला सुचेना. "जमत नाही, असं लिही," वेंडेल म्हणाला आणि त्यानं खाली सही केली.

आता तो शाळेच्या वाचनालयात पुस्तकं क्रमांकानुसार लावतो. काही दिवस बरे जातात. ज्या दिवशी क्रम चुकतो, त्या दिवशी घरी जाण्यापूर्वी मी पुस्तकं गुपचूप योग्य जागी लावून ठेवते. एकदा त्यानं मला तसं करताना पाहिलं. तो खिडक्या लावत राहिला.