आधी राग खाली ठेवा

आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर बीपीचा पट्टा लगेच बांधत नसत. आधी माणसाकडे निरखून बघत आणि विचारत, "आज कोनाशी भांडून आले?" तो नाही म्हणाला की बाहेरच्या बाकावर बसवत. पाच मिनिटांत तो आपणहून सांगायचा, सुनेशी, नाहीतर बांधावरून भावकीशी. "आधी राग खाली ठेवा, मग हात द्या," म्हणत आणि मगच पट्टा गुंडाळत.

मी त्याच गावची आशा वर्कर. नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, बोलणीही पोटभर खाल्ली. एका म्हाताऱ्यानं शुगरच्या गोळ्या बंद केल्या, कारण त्या आणणाऱ्या पोराशी त्याचा अबोला होता. सिस्टर त्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या. "गोळीला ठावं हाय का, कोन्या पोरानं आणली ते? गिळा." तो गिळेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

स्वतःचं मात्र वेगळं होतं. नोकरी माहेरच्याच गावात, आणि धाकटा भाऊ तिथून सेनगावला प्रवाशांची जीप चालवायचा. चार वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात आई गेली, तेव्हा सिस्टर लेकीच्या बाळंतपणाला पुण्यात होत्या. भावकीनं घाई केली आणि भावानं बहिणीची वाट न बघता माती उरकली. त्या दिवसापासून सिस्टर त्याच्या जीपमध्ये बसल्या नाहीत. सेनगावला मीटिंग असली की तासतासभर एसटीची वाट बघत. तो समोर येऊन जीप हळू करायचा, या तोंड फिरवून घेत.

स्वतःचं बीपी त्या भिंतीकडे तोंड करून मोजत. एकदा मी मागून आकडा वाचला, तो फार वर गेला होता. धीर करून म्हणाले, "सिस्टर, तुमी कधी ठेवणार खाली?"

"आईचं तोंड दिसलं असतं, तर ठेवला असता," असं म्हणून त्यांनी यंत्र डब्यात घातलं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. काढायला हवा होता.

गेल्या भाद्रपदात, लसीकरणाच्या दिवशी, लस भरता भरता त्यांच्या हातातून सिरिंज पडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ जड झाली. काय झालंय ते माझ्याआधी त्यांनाच कळलं. रुग्णवाहिकेला यायला तास लागणार होता, म्हणून मी भावाला फोन केला. तो आला आणि दार उघडून उभा राहिला.

"आक्का, बस. मंग जलमभर बोलू नको."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि चांगल्या हातानं एसटीच्या थांब्याकडे बोट केलं. आम्ही दोघांनी उचलून जीपमध्ये घालायला हवं होतं. पण भाऊ गुन्हेगारासारखा जागच्या जागी थिजला, आणि मला त्यांच्या रागाची भीती. माणूस हातातून जात होतं आणि मी त्या रागावतील म्हणून भ्याले. याची माफी मी कुणाकडे मागू?

एसटी पंचवीस मिनिटांनी आली. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मागच्या काचेतून दिसत होतं, रिकामी जीप बसच्या मागं मागं येत होती. सेनगावात उतरवायला गेलो, तेव्हा सिस्टर राहिल्या नव्हत्या.

गावी परत आणलं ते त्याच जीपमधून. भावकी पुन्हा घाई करू लागली. भाऊ दारात आडवा बसला आणि पुण्याहून लेक येऊन आईचं तोंड बघेपर्यंत त्यानं कुणाला हात लावू दिला नाही.