सुरंगीचा कौल

नातीनं केसांत माळायला सुरंगीच्या फुलांचा वळेसर आणला आणि त्या वासासरशी मी बुरोंडीजवळच्या आमच्या देवळात, तीस सालाच्या सुमाराच्या शिमग्यात जाऊन पोचले.

मी तेव्हा नवी सून. पालखी नाचायला निघणार, तोच दिसलं, तिच्या दांडीखाली मूठभर मधमाश्या लटकल्या होत्या! कुणीतरी पोळं ओरबाडल्यामुळे त्या उपाशी, अर्धमेल्या झाल्या होत्या.

"धूर करा, जातील!" पोरं ओरडली.

"मरतील मेल्या! देवीच्या दारात आल्येत, देवीलाच विचारा," सासूबाई कडाडल्या.

मग देवळातल्या गुरवकाकांनी कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवलं. उजवं आधी पडलं तर माश्या राहणार, डावं पडलं तर धूर. आम्ही श्वास रोखून उभे! इतक्यात एक माशी भिरभिरत आली, उजव्या फुलावर बसली आणि फूल टपकन खाली आलं. केवढा गलका झाला! त्या वर्षी पालखी नाचली नाही. निजलेलं बाळ न्यावं तशी अलगद घरोघर फिरली.

आज वळेसर हुंगताना आठवलं, डाव्या खांद्यावर बिनवासाची जास्वंद होती आणि उजव्यावर सुरंगी. सगळं गाव देवीकडे बघत होतं. गुरवकाका मात्र माश्यांकडे बघत होते.