धोंड्याच्या महिन्यातली परात

औरंगाबादच्या छावणीत मला सगळे वळखतात. कार्यात कढईपाशी उभा राहून पोरांवर खेकसणारा जाडजूड केटरर — तो मी. लोक म्हणतात, दादा तोंडाचा फाटका, पण मनाचा चांगला. मी ऐकून घेतो. काय करणार? त्यांना ठाऊक नसलेलं माझ्यापाशी एक हाय, आणि ते मी घरच्या बाईलापण कधी कळू दिलं नाय. आई तर ते न कळताच गेली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या पंगतीला कधी बसणार नाय.

पण आधी राग सांगतो. रागाशिवाय हे कळायचं नाय.

आमच्यात साटं-लोटं चालतं. म्हणजे तुमची पोरगी आमच्या घरात, आमची तुमच्या घरात. फुलंब्रीच्या एका घराशी आमचं तसं ठरलं होतं — माझी बहीण उजी त्यांच्या पोराला, आणि त्यांची शोभा मला. दोन्ही सुपाऱ्या एकाच दिवशी फुटल्या. शोभाला मी नंतर एकदा चोरून बघितलं, एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीवर. रस संपला होता आणि ती ग्लासाच्या तळाचा बर्फ तोंडात टाकून चघळत होती. दातांना गार लागलं की डोळे बारीक करायची. बोललो नाय, काय नाय. तेवढंच बघून घरी आलो आणि रात्री जेवण गेलं नाय. हसा. मी पण दुसऱ्याचं असतं तर हसलो असतो.

आणि उजीनं काय करावं? विद्यापीठाच्या गेटजवळ झेरॉक्सच्या दुकानात ती कामाला होती. तिथं मिन्ह नावाचा एक पोरगा कागद घेऊन यायचा. व्हिएतनामचा. पाली शिकायला आला होता, लेणी जवळ म्हणून. त्याला मराठी नाय, हिंदी नाय, इंग्रजी म्हणाल तर येस, ओके, थँक्यू. एवढ्या भांडवलावर दोघांचं कसं जमलं देव जाणे. पण जमलं, आणि रजिस्टर लग्न करून दोघं त्याच्या देशात निघूनपण गेले.

साटं म्हणजे एका दोरीच्या दोन गाठी. एक सुटली की दुसरी राहत नाय. फुलंब्रीचे लोक आले, माझ्या वडिलांना, अप्पांना, नाय नाय ते बोलले, आणि पंधरवड्यात शोभाला कन्नड तालुक्यात देऊन टाकली. माझं नाव कुणी घेतलंच नाय. जो तो उजीवर बोलत होता, अब्रूवर बोलत होता. माझं काय गेलं, हे विचारायला एक माणूस आला नाय. अप्पांनी उजीचं नाव टाकलं ते मरेपर्यंत. त्यांच्या मातीला तिला कळवायचं का, असं आईनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, गरज नाय. ते पण माझंच.

माझं लग्न झालं, धंदा वाढला, धाकटी मंगल पैठणला मास्तराच्या घरी दिली. राग मात्र जिथल्या तिथं. रोज कांदा चिरताना त्या मिन्हचा चेहरा आठवायचो, लग्नाच्या फोटोतला. हसरा. लई हसरा.

मग एक दिवस ते परत आले. उजीचं बाळंतपण तिकडं अवघड गेलं होतं, आईनं फोनवर रडून रडून हट्ट धरला की पोरगी मला इथं पाहिजे. आले. पडेगावकडं एक खोली घेतली. बायको इथली म्हणून त्याला राहायची, काम करायची परवानगी मिळाली; काम मात्र मिळंना. वाळूजच्या कंपनीत गेला तर साहेब इंग्रजीत बोलणार, आणि हा प्रत्येक प्रश्नाला येस म्हणणार. पगार जास्त मागाल का — येस. आजारी असता का — येस. कपड्याच्या शोरूमवाल्यानं दारातूनच हात हलवला. वॉचमन म्हणूनपण कुणी घेईना, चोर आला तर हा त्याला थँक्यू म्हणंल म्हणून. ही थट्टा मीच पसरवली होती, चहाच्या टपरीवर.

उजी माझ्याकडं आली. इतक्या वर्षांनी माझ्या दारात, काखेत पोर घेऊन.

"दादा, काहीपण काम दे त्याला. भांडी घासायला लाव," ती म्हणाली. "काम नसलं तर आम्हाला परत जावं लागंल. मग आईनंतर मला इथं माहेर म्हणून काय राहील?"

मी म्हणालो, उद्यापासून पाठव. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. गल्लीत बोलबाला झाला — बघा, बहिणीनं एवढं केलं तरी भावानं पोटाशी धरलं. आणि मी मनात काय म्हणालो सांगू? म्हणालो, सापडलास.

भाषेविना माणसाचं काय होतं, हे मला कळत नव्हतं असं समजू नका. आमच्या घरात ते होऊन गेलंय. माझे आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून. सगळं शिक्षण उर्दूत, अक्षर असं की वरचा साहेब बोलावून लिहून घ्यायचा. पोलीस ॲक्शन झाली, हळूहळू कचेरीची भाषा बदलली, आणि आजोबा एकाएकी अडाणी झाले. पन्नाशीत अंकलिपी घेऊन बसायचे आणि लहान पोरं आली की ती उशीखाली लपवायचे. हे अप्पा पुन्हा पुन्हा सांगायचे. मी ते ऐकतच मोठा झालो.

तरी मी त्याला खरकट्यावर ठेवला. पंगती उठल्या की मागं पत्र्याच्या आडोशाला बसायचं आणि पातेली घासायची. दुसरी पोरं आळीपाळीनं वाढायला जायची, हा नाय. नको, असं नको, तिकडं नको — मी दिवसभर त्याला एवढंच बोलायचो. पोरांच्या देखत मिन्या म्हणायचो. तो हसायचा. त्यानं पहिलं मराठी शिकलं ते काय, तर "दादा, जेवला?" रोज विचारायचा. मी उत्तर द्यायचो नाय. चिडत का नाय हा? एकदा भांडं आपट, शिवी दे तुझ्या भाषेत, म्हणजे मला पण कानाखाली द्यायला बरं. पण नाय.

मग एका हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. माझा जुना गिऱ्हाईक. त्यांच्याकडं लेणी बघायला बाहेरदेशची मंडळी उतरायची, त्यात व्हिएतनामचे जथेच्या जथे. म्हणाला, दादा, तुमचे पाहुणे तिकडचेच ना? आम्हाला असाच माणूस हवाय. इंग्रजी नसली तर नसू दे, त्यांच्या भाषेत बोलणारा पाहिजे. अख्ख्या औरंगाबादेत — आता संभाजीनगर म्हणा — त्या माणसाला हेच एक काम नेमकं बसत होतं, आणि ते चालत माझ्या फोनात आलं होतं.

मी म्हणालो, नको साहेब. माणूस भरोशाचा नाय. पितो.

थेंबाला शिवत नव्हता तो. असं का बोललो? कारण धोंड्याचा महिना तोंडावर आला होता. मला तो हॉटेलात कडक इस्त्रीच्या शर्टात नको होता. मला तो परातीजवळ पाहिजे होता.

अधिक महिना आला की आमच्याकडं लेक-जावयाला बोलावतात. त्यांना लक्ष्मी-नारायण मानायचं. पाटावर बसवून जावयाचे पाय परातीत धुवायचे, पुसायचे, कापड द्यायचं, अनारशाचं ताट द्यायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. सासरा नसला तर मेहुण्यानं करायचं. म्हणजे मी. आईनं गुलमंडीवरून दोन्ही जावयांना कापड आणलं, दोन्ही पाट घासून ठेवले. मी तिला म्हणालो, आई, थोरल्याचं करू नको. त्यांच्यात हे चालत नाय, अवघडतो तो. उजीच म्हणाली मला. आईचा चेहरा उतरला, पण तिनं मानलं. आणि उजीला मी काय सांगितलं? सांगितलं, दोघं चांगलं नेसून या, पाहुणे येणार हायेत.

दोन वाक्यं. त्या दोघी एकमेकींना लागू नये म्हणून त्याबद्दल पुढं कधी बोलल्या नायत. मला ते आधीच ठाऊक होतं.

उजी जरीची साडी नेसून आली. त्यानं पांढरा शर्ट घातला होता, केसाला तेल. घर पाहुण्यांनी भरलेलं, आई आत चुलीपाशी. मंगल आणि तिचे मास्तर, भास्करराव, पाटावर बसले. दुसरा पाट मी सकाळीच माळ्यावर टाकला होता. मी परात पुढं सरकवली, तांब्या उचलला, आणि हाक मारली — मिन्ह, इकडं ये. तांब्या त्याच्या हातात दिला, पंचा त्याच्या खांद्यावर टाकला आणि भास्कररावांच्या पायाकडं बोट केलं.

त्यानं हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवलं. बाह्या वर केल्या. उकिडवा बसला आणि पाणी घालायला लागला. भास्करराव भला माणूस, त्यांनी पाय आखडला. म्हणाले, "अहो, हे थोरले जावई—" मी म्हणालो, असू द्या, घरचाच माणूस हाय. मिन्हनं त्यांचा पाय हातात धरून बोटांच्या फटीसुद्धा धुतल्या, खांद्यावरच्या पंच्यानं पुसल्या, आणि माझ्याकडं बघून हसला. बरोबर केलं का, असं.

स्वयंपाकघराच्या दारात उजी उभी होती, ओवाळायचं ताट घेऊन. ताट हललं नाय. तिचे डोळे मात्र फिरत होते. भिंतीकडं बघितलं, कोपऱ्यात बघितलं, माझ्या पाठीमागं बघितलं. दुसरा पाट शोधत होती ती. मग तिला कळलं.

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटात गार गार वाटलं. म्हटलं, घे उजे. रसवंतीवरचा तो बर्फ माझ्या तोंडातून तू काढला होतास, आता चघळ हे. उभ्या जन्मात मला कशानं एवढं बरं वाटलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर मागच्या दारी तिनं मला गाठलं.

"दादा, विसरलास का मुद्दाम केलंस?"

"माणसं कमी होती गं."

 ती बरं म्हणाली, आणि पोराला उचलून आत गेली. नवऱ्याला तिनं काय पण सांगितलं नाय. कसं सांगणार, तुझा मान होता तो आणि तुझ्याच हातानं दुसऱ्याला दिला म्हणून? त्याला आजपण ठाऊक नाय.

पुढं वर्षाभरानं तोच मॅनेजर एका लग्नात त्याच्याशी परस्पर बोलला आणि घेऊन गेला. आता तो तिथं मोठ्या हुद्द्यावर हाय, मराठी फडफड बोलतो, आईला खांदा त्यानं दिला. त्यांचं चांगलं झालं. त्यात माझं काय नाय. उजी राखीला येते, राखी बांधते, बसते, जाते. त्या दिवसापासून तिनं माझ्या घरात जेवण केलेलं नाय. पोट बिघडलंय म्हणते, उपास हाय म्हणते. मी आग्रह करत नाय.

अजून एक राहिलं. खरं तर हेच सांगायचं होतं, बाकीचं सगळं वळसे घालणं झालं.

त्या धोंड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. मिन्ह आला, एकटाच. त्याच्या हातात आमच्या गोदामातली परात, तांब्या, खांद्यावर धुतलेला पंचा. आदल्या दिवशी त्यानं बघितलं होतं आणि आपल्या परीनं अर्थ लावला होता — या मुलखात ज्याला मानायचं त्याचे पाय धुतात. माझ्यासमोर तो खाली बसला, परात ठेवली आणि म्हणाला, "दादा. काम. थँक्यू."

आमच्यात बहिणीच्या नवऱ्याच्या पाया आपण पडतो, तो वयानं लहान असला तरी. त्याच्याकडून पाय धुवून घेणं म्हणजे काय, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगंल. नको, एवढं म्हणायचं होतं. तो शब्द त्याला चांगला कळायचा. मी त्याला तेवढाच शिकवला होता. गल्लीत कुणी नव्हतं, दाखवायला कुणी नव्हतं, रागाचं जे काय होतं ते आदल्या दिवशीच फिटलं होतं.

मी कपबशी बाजूला ठेवली. पायजमा वर घेतला आणि उजवा पाय परातीत ठेवला. पाणी कोमट होतं, तापवून आणलं होतं त्यानं. उजवा धुऊन झाल्यावर मी डावा पुढं केला.