डाव्या वळणावरचा आवाज

माझं शिक्षण चौथी. फौजेत एवढी वर्षं काढली, तरी घरी आलो तो साधा जवान म्हणून. उदगीरात लोक विचारतात, "फौजी, बाहीवरची फीत कुठाय?" त्याचं उत्तर आज लिहून देतो.

माझी पोस्टिंग डोंगरात होती, ट्रान्सपोर्ट कंपनीत. मी नाईक, व्हेईकल मेकॅनिक. पहाटे पाचला उठायचं. साडेपाचला गाड्या तपासायच्या. सहाला मी "फिट" म्हणालो की कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, हलायचा.

चार नंबरच्या गाडीवर चाकूरचा लान्सनायक माणिक ड्रायव्हर होता. एके संध्याकाळी तो म्हणाला, "उस्ताद, गाडी भुंग्यासारखी घुमून राहिली. डावीकडं वळलं की लईच."

मी पुढचं डावं चाक उघडलं. नवं बेअरिंग बसवलं, ग्रीस भरलं. सकाळी आवाज तसाच.

"उस्ताद, उजवं बघता का?"

"मेकॅनिक तू का मी? टायरचा आवाज हाय. फिट."

नऊ चाळीसला वायरलेसवर आलं, "चार नंबर रोड से नीचे. ओव्हर."

पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग जाम झालं होतं. माणिक गेला.

फौजेच्या चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, रस्त्याचा दोष निघत होता. मी उभा राहिलो. "गलती मेरी है, साहब."

"बैठ जाओ, नाईक," चौकशीचे साहेब म्हणाले.

"नहीं साहब. लिखिए."

लिहिलं. फीत गेली. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. सुट्टीत चाकूरला जाऊन माणिकच्या भावाला खरं सांगितलं. त्यानं तीन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं. मग एकदा स्वतःच पाणी दिलं.

यंदा माझा मुलगा बसवराज सून-नातवाला घेऊन लातूरला निघाला होता. गाडी अंगणातून निघाली आणि मी तोच आवाज ऐकला. गाडीला आडवा गेलो.

"अप्पा, मिस्त्री म्हणला टायर हाय. उशीर होऊन राहिलाय."

"चावी दे."

"तुमचा जमाना गेला आता."

"माझा गेला. चाकाचा न्हाई गेला."

चावी घेऊन मोकळ्या रस्त्यावर साठनं गाडी पळवली. जरा डावीकडं वळवली, आवाज वाढला. उजवीकडं वळवली, दबला. डावीकडं वळताना गाडीचं वजन उजव्या चाकावर जातं. म्हणजे उजवंच बोलत होतं. एवढं साधं. माणिकनं मला तोंडानं सांगितलं होतं.

गाडी मिस्त्रीकडं नेली. पुढचं उजवं चाक जॅकवर घेतलं, हातानं फिरवलं, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. जात्यात ज्वारी भरडावी तसं हाताला लागलं.

मिस्त्री हसला. "काय फौजी, माझं दुकान बंद करता का?"

"आधी बेअरिंग काढ. मग हस."

हब काढून प्रेसवर बेअरिंग दाबून बाहेर काढलं. आतल्या कड्याला खड्डे पडले होते. मिस्त्रीनं ते दोनदा बोटावर फिरवलं आणि फळीवरून नवं बेअरिंग काढलं. नवं बसवताना मी त्याचा हात धरला. "बाहेरच्या कड्यावर दाब. आतल्यावर दाबलं तर नवंच मरतं." तो म्हणाला, "हाव, ठाऊक हाय," पण प्रेसखालचं दाबायचं कडं बदलून मोठं घेतलं. मोठा नट माझ्यासमोर आवळला. मग मी पुन्हा साठनं, डावीकडं, उजवीकडं. आवाज नाही.

बसवराजला म्हणालो, "मीबी येतो. चाकूरवरून घे."

"अप्पा, वाकडं पडतंय."

"पडू दे."

माणिकच्या भावानं दार उघडलं. भिंतीवरच्या फोटोत माणिक वर्दीत आहे, पंचविशीचाच. मी चपला काढल्या, ताठ उभा राहिलो, सॅल्यूट केला.

"लान्सनायक माणिक, उजवं बघितलं. गाडी फिट."