धुतलेली घंटा

वसतिगृहाच्या मागच्या ओट्यावर आज सकाळी खानावळीच्या बाई पितळेची मोठी घागर घेऊन बसल्या होत्या. भिजवलेली चिंच आणि चुलीतली राख कालवून त्या घागर चोळत होत्या. जिथून त्यांचा हात फिरे तिथे काळपटलेलं पितळ पिवळंधमक होऊन उघडं पडे. मी वरच्या खिडकीत पुस्तक घेऊन उभा होतो. ओली चिंच धातूला लागली की एक आंबट, थोडा कडवट वास येतो. तुमच्याही घरी सणाच्या आदल्या दिवशी तो दरवळला असेल, आणि त्या वासाबरोबर तुम्हाला सणच आठवत असेल. मला मात्र पुस्तक मिटावं लागलं. त्या वासाने मला आमच्या अंगणात नेलं, आणि तिथे एक घंटा अजूनही घासली जात होती. हे सगळं मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. पण कोणाला तरी सांगायला हवं, कारण ज्याला सांगायचं होतं त्याला मी सांगितलं नाही.

घाटंजीपासून चार कोसांवर आमचं गाव. गावात आमच्या घराला एक नाव होतं आणि ते आम्ही ठेवलेलं नव्हतं. लोक आम्हाला घंटेवाले म्हणत. माझा आजा गावकीची कामं करी. सांगावे पोचवी, वाटा राखी, महादेवाच्या देवळाबाहेरचं आवार झाडी. देवळाची पायरी मात्र तो जन्मात चढला नव्हता. आतल्या मंडपात टांगलेली घंटा त्याने कधी पाहिली नव्हती, तिचा आवाज तेवढा त्याच्या ओळखीचा. एके दिवशी ती घंटा नाहीशी झाली. आवार कोण झाडतं, तर हा. एवढ्यावरून त्याला चावडीसमोर दिवसभर उन्हात बसवलं. घराची झडती झाली, चुलीसुद्धा उकरून पाहिल्या. घंटा सापडली नाही म्हणून आजा सुटला, आणि सापडली नाही म्हणूनच कायमचा अडकला. कारण जी वस्तू सापडतच नाही, ती तुम्ही घेतली नाही हे कसं दाखवणार? पुढे मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा आजाला जाऊन किती वर्षं झाली होती, तरी मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडेच, "मास्तर, शाळेची घंटा जपजा हो! घंटेवाल्याचा पोरगा बसला हाये, नेईन उचलून!" वर्ग हसे. मास्तरही हसत. कधीकधी, न हसलेलं बरं दिसणार नाही म्हणून, मीही हसत असे.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं आणि शिकवलं ते त्यांच्या थोरल्या भावाने, माझ्या मोठबाने. आजाला चावडीसमोर बसवलं त्या दिवशी मोठबा सात-आठ वर्षांचा होता. बापासाठी गाडग्यात पाणी घेऊन गेला होता तो. ते पाणी त्याला देऊ दिलं नाही. गाडगं हातात धरून हा पोर दुपारभर लिंबाच्या सावलीत उभा राहिला आणि संध्याकाळी तसंच भरलेलं गाडगं घरी घेऊन आला. हे मला मोठबाने कधी सांगितलं नाही, मायनं सांगितलं. मोठबा फार बोलणारा माणूस नव्हता. मॅट्रिकचा निकाल घेऊन मी शेतात गेलो तेव्हा तो डवऱ्याचे बैल थांबवून एवढंच म्हणाला, "आता तुह्या हातचं लिहिलेलं कोनी खोटं नाही म्हननार." मला तेव्हा त्याचा आनंद झाला. त्या वाक्यात किती जुनी वाट पाहणं होतं, ते कळायचं वय नव्हतं माझं.

छप्पनच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीने देव्हाऱ्यातले देव उतरवले, पांढरे कपडे शिवले, आणि दोन-तीन वर्षांनी एक लहानसा विहार बांधायचं ठरवलं. जागा आमच्या अंगणालगतचीच होती, आणि पाया खोदायला पहिली कुदळ मोठबाची. कमरेइतकं खोल गेल्यावर कुदळ धातूवर वाजली आणि मातीतून एक घंटा निघाली. नारळाहून मोठी, घागरीहून लहान. वरची कडी शाबूत, आतला लोखंडी लोलक गंजून गळून गेलेला. सबंध अंगावर हिरवा, कठीण थर, जणू दगडच पांघरलेला, आणि पोटात माती गच्च बसलेली. मी तेव्हा यवतमाळला होतो. मी सुट्टीत पोचेपर्यंत गावाने निकाल देऊन टाकला होता. पारावर मला पाहताच एकजण म्हणाला, "या कॉलेजवाले! सापडली ना बुवा तुमच्या आज्याची ठेव? आन् सापडली कुठं, तं चोराच्याच अंगनात!"

मोठबाचं म्हणणं वेगळं होतं. त्याने मला पायापाशी नेऊन हाताने खोली दाखवली. "चोरीची वस्तू मानूस वरवर पुरते बापू, पुन्हा काढाले. कमरेइतकी कायले पुरन? आन् खाली हातभर लांबीच्या इटा होत्या. असल्या इटा कोनाच्या घरी पाह्यल्या तू? हे लई जुनी हाये. आपल्या आज्या-पंज्याच्याही पयलेची." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुह्या कॉलेजात जुन्या वस्तू ओळखनारे सर हायेत म्हनतस ना? त्याईले दाखव. जुनी निघाली तं विहारात टांगू. देवळातली निघाली तं मीच डोक्यावर नेऊन देतो देवळात. पन कळू दे. तवरक कोनी वाजवाची नाही." लोलक नसलेली घंटा वाजवणार तरी कशी, पण कोणी बोट मारूनही पाहिलं नाही. आणि गावही एवढ्यापुरतं कबूल झालं. पोलीस पाटलाने चारचौघांत सांगितलं, की कॉलेजच्या सरांच्या सहीचा कागद आणा, त्यावर लिहिलेलं आम्ही मानू. देवळातली घंटा पाहिलेली दोन म्हातारी माणसं अजून होती. त्यांतला एक हातांनी घागरीएवढा आकार दाखवी आणि दुसरा तांब्याएवढा. म्हणून मग सगळं त्या कागदावर येऊन ठेपलं.

आता जे सांगायचं आहे तिथे माझा हात जड होतो. निघायच्या आदल्या दिवशी मी घंटा अंगणात आणली. मातीने भरलेली, डागाळलेली ती वस्तू पाहून माझ्या मनात एकच आलं, की ही अशी सरांच्या घरी कशी न्यायची? तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. पण ज्यांच्या अंगावर पिढ्यान् पिढ्या 'घाण' हा एकच शब्द फेकला गेला, त्यांची पोरं दुसऱ्याच्या दारात उभी राहण्याआधी आपली नखंसुद्धा दोनदा पाहतात. वसतिगृहात पहिल्या वर्षी मी सदरा रोज धूत असे, मळलेला नसला तरी. मी मायला म्हटलं, "जरा घासून दे ना, चांगली दिसली पाह्यजे." मायनं दुपारीच चिंच भिजत घातली. तिने राख चाळून घेतली, पोटातली माती लिंबाच्या काडीने कोरून कोरून काढली, आणि मी वरून पाणी ओतत राहिलो. हिरवा थर लवकर सुटेना. मायनं तो विटेच्या तुकड्याने खरवडला, पुन्हा चिंच लावली, पुन्हा घासलं. हिरवं पाणी अंगणातून नालीत वाहत गेलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा घंटा नव्या परातीसारखी चमकत होती. मायचे हात काळे-हिरवे झाले होते आणि तोंडावर केवढं समाधान. "पाह्य, आता कोनी म्हनन का मातीतली हाये म्हून?" ती म्हणाली.

तेच कोणीतरी म्हणायला हवं होतं.

मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, पोत्यात घालून मी ती एस.टी.ने यवतमाळला नेली. कंडक्टरने पोत्याला पाय लावून विचारलं, "काय हाये बे, आहेराचं भांडं का?" मी हो म्हटलं. सर बाहेरगावी गेले होते, म्हणून ती दहा-बारा दिवस माझ्या खाटेखाली राहिली. सर आल्यावर मी तिला पांढऱ्या पंच्यात घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, चहा दिला, आणि पंचा उलगडला. चमकत्या काठावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

"ही कोणी घासली?"

"माझ्या आईनं, सर," मी अभिमानाने म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलता बोलता गिळलं. भिंग घेऊन त्यांनी घंटा खिडकीत धरली. कडीपाशी, काठापाशी, आत, कितीतरी वेळ पाहिलं. वस्तू काशाची आहे, म्हणाले. साच्याचा जोड कुठे दिसत नाही, म्हणजे मेणाच्या साच्यातून ओतलेली; पण आपल्याकडचे ओतारी आजही तसंच ओततात, त्यावरून काळ ठरत नाही. आतल्या अंगाला एका जागी धातू झिजून खळगा पडला होता. तिथे लोलक आपटत असे, म्हणजे ही घंटा फार वर्षं वाजली आहे. कुठे, कोणाच्या हातून, ते खळगा सांगत नाही. मग त्यांनी बोटाच्या पेराने तिच्यावर हलकंच मारलं. आमच्या अंगणात कोणी ऐकला नव्हता तो आवाज त्या खोलीत निघाला आणि पुस्तकांच्या कपाटावरून हळूहळू ओसरत गेला.

"माती होती का आत? हिरवा थर होता का?"

मी सगळं सांगितलं, विटांचंही; पण त्या तोवर फोडून पायातच भरल्या गेल्या होत्या. ते सावकाश, मला लागू नये अशा बेताने बोलत गेले. तो थर शेकडो वर्षांत धातूच्या अंगातूनच वाढत येतो. पाच-पन्नास वर्षांच्या पुरलेल्या वस्तूवरचा हिरवा पावडरीसारखा सुटतो, जुन्यावरचा दगडासारखा बसतो. तो पाहिला असता तर काही बोलता आलं असतं. मला एकदम आठवलं, कडीच्या खाचेत थोडा हिरवा राहिला होता. मी घाईने दाखवला. सरांनी भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. "चिंचेनंसुद्धा असा हिरवा येतो. खाचेत चिंच राहिली असेल तर आठ-दहा दिवसांत येतो. हा तेवढ्यातला की हजार वर्षांचा, मी नाही सांगू शकत."

"पण सर, मायला विटेनं खरवडावं लागलं, इतका कठीण होता तो."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवतो," सर म्हणाले. "पण सही करायची तर मी पाहिलेल्यावर करायला हवी. आणि तुम्ही त्याच घरचे."

त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. ते प्रामाणिक होते. मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो, की पुराव्याशिवाय बोलू नये.

घरी परतलो तेव्हा माय दारातच होती. "सरले आवडली का घंटा?" मी म्हटलं, "हो, लई आवडली." ती आत जाऊन चुलीपाशी बसली आणि बसल्या बसल्या हसली. मोठबाला एवढंच सांगितलं, की सरांना काही सांगता येत नाही. का येत नाही, हे माझ्याच्याने सांगवलं नाही. त्यात मायचे दोन हात होते आणि पाणी ओतणारे माझे.  "येवढ्या शिकलेल्यालेही नाही कळत?" मोठबाने विचारलं, आणि त्या प्रश्नात राग नव्हता.

पाराने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. कागद नाही म्हणजे काय ते समजलं. मोठबा म्हणाला, मग घेऊन जा, तुमची आहे तर टांगा देवळात. त्यावर एक म्हातारा पानाची पिंक टाकून म्हणाला, "तुमच्या हातची बाटलेली घंटा कोन टांगते?" अशी ती आमच्याकडेच राहिली, पण आमची झाली नाही. विहार उभा राहिला. मोठबाने तिला तिथे टांगू दिलं नाही. "कोनाची ते ठरलं नाही," तो म्हणे. घराच्या कोपऱ्यात ती उपडी पडून राहिली.

गेल्या हिवाळ्यात मोठबा आजारी पडला. मी भेटायला गेलो तेव्हा तो अंगणात उन्हाला खाटेवर पडला होता. मला जवळ बसवून म्हणाला, "घंटेचं जाऊ दे. माहा बा चोर नव्हता ना?"

"नव्हता, मोठबा."

"हे सरानं सांगतलं?"

"नाही. मी सांगतो."

त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "तू तं घरचाच हायेस बापू," तो म्हणाला. त्यात माया होती, पण समाधान नव्हतं. तेव्हा मी सगळं सांगायला हवं होतं: तो थर, ती माती, नालीतून वाहत गेलेलं हिरवं पाणी. माय पलीकडे त्याच्यासाठी कण्या पाखडत होती. मी गप्प राहिलो. पंधरा दिवसांनी मोठबा गेला.

मागच्या सुट्टीत मी कोपऱ्यातली घंटा उचलून पाहिली. चमक गेली आहे. काठाला, कडीला, लोलकाच्या खळग्यात पुन्हा हिरवं धरू लागलं आहे. पातळ, बोटाला लागणारं. माय फडकं घेऊन पुढे आली, तिला मी राहू दे म्हटलं. तिने का ते विचारलं नाही. आणखी शंभर-दोनशे वर्षांनी हा हिरवा दगडासारखा बसेल, आणि तेव्हा कोणी शिकलेला माणूस भिंग लावून ती किती जुनी ते सांगेलही. त्याला सापडेल ते वय एका दुपारपासूनचं असेल. मी पाणी ओतत होतो तेव्हापासूनचं.