वीतभर खाली

इथं परदेशात, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात फार्मसीच्या काट्यावर मी प्रत्येक पूड दोनदा तोलते. शिफ्ट संपत आली की हात जड होतात, तरी दोनदाच.

कोकणात बाबांकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती. एका दुपारी ते बंदुकीच्या दारूचं माप ठरवत होते. बार भरून ऐंशी पावलांवरच्या फळीवर झाडायचे आणि मी पळत जाऊन गोळी कुठं लागली ते बघायचे. खाली लागली की ते चिमूटभर दारू वाढवायचे. गंधकाचा वास घशात बसला होता, पायांत गोळे आले होते. अकराव्या खेपेला गोळी खुणेच्या वीतभर खाली लागली.

"बायो, कुठं?" बाबांनी विचारलं.

"मधोमध!" मी ओरडले. वीतभरानं काय होतंय, असं वाटलं.

बाबांनी तेच माप कायम केलं. त्याच आठवड्यात डुक्कर समोर उभं असून गोळी त्याच्या पोटाखालून गेली. "नजर गेली माझी," म्हणत त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात कायमची जमा करून टाकली.

आज जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. "बारीक काम करतेस, डोळ्यांना जप हो. माझ्यासारखं नको व्हायला."

"हो बाबा," एवढंच म्हणाले मी.